गाडीला पिकअपच नव्हता!

महाराष्ट्रात गाडी चालवता न येणारा पुरुष शोधून सापडायचा नाही. लायसन्स नसेल, दारात गाडी नसेल, सगळे आयुष्य एसटीच्या पासावर गेले असेल. पण शेजारच्या सीटवर बसून 'आता थर्ड टाक, इंजिन ओरडतंय' असे सांगण्याइतकी जाणकारी प्रत्येकाकडे असतेच. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे त्यांचे तर विचारूच नका. एक्स्प्रेस-वेवर कळंबोली ते किवळे किती वेळात मारले, खंबाटकी रात्री कसा उतरवला, याचे आकडे लग्नाच्या पंगतीत सांगितले जातात आणि दर लग्नसराईत पाच-पाच मिनिटांनी कमी होत जातात.

अशा एखाद्या मामांना दिवाळीच्या सुट्टीत भाचरे गो-कार्टिंगला घेऊन जातात. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर, गोव्यात नुव्याला, नाहीतर शहराबाहेरच्या एखाद्या ॲडव्हेंचर पार्कात. मामा म्हणतात, 'पोरांचा खेळ आहे, मी आपला बघत बसतो.' मग तिकीट काढलेच आहे, वाया कशाला घालवायचे, म्हणून बसतात. बसल्याबरोबर डावा हात सवयीने गिअर शोधू लागतो. गिअर नसतो.

मुळात त्या गाडीत काय असते यापेक्षा काय नसते तेच सांगणे सोपे. हॉर्न नाही, आरसे नाहीत, दार नाही, छप्पर नाही. इंडिकेटर नाही, पण तो आपल्याकडे असला काय आणि नसला काय. पोलादी नळ्या वाकवून जोडलेली चौकट, चार बुटकी चाके, मधे एक बकेट सीट आणि बाजूला कोपराशी धडधडणारे इंजिन, एवढाच संसार. भाड्याच्या कार्टला बहुधा होंडाचे किंवा त्याच जातकुळीचे एका सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन असते. हेच इंजिन दुसरीकडे शेतातला पंप नाहीतर मांडवातला जनरेटर चालवत असते. क्लच आपला आपण धरतो आणि आपला आपण सुटतो. पायाशी पेडल दोनच: उजवे ॲक्सिलरेटरचे, डावे ब्रेकचे.

नवख्याचा पहिला घात हे डावे पेडल करते. तीस वर्षे डाव्या पायाने क्लच दाबलेला माणूस वळण आले की गाफीलपणे तोच पाय खाली रेटतो. इथे तो ब्रेक असतो आणि तो फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची चाके जागच्या जागी आवळली गेली की कार्ट गर्रकन फिरते आणि मामांचे तोंड निघाल्या दिशेकडे होते. समोरून सगळी भाचरे येताना दिसतात.

सस्पेन्शनसुद्धा नसते. मागच्या दोन्ही चाकांना एकच अखंड आस असते, मोटारीत असते तसले डिफरन्शिअल मध्ये नसते. त्यामुळे वळणावर आतले आणि बाहेरचे चाक सारख्याच वेगाने फिरायला बघतात, आणि वळणाचा हिशेब तर असा की बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. यावरची युक्ती मोठी देखणी आहे. पुढच्या चाकांची ठेवणच अशी केलेली असते की स्टिअरिंग फिरवले की सगळी चौकट किंचित पिळवटते आणि मागचे आतले चाक क्षणभर जमिनीवरून उचलले जाते. तेवढ्या क्षणात कार्ट वळते. चाक उचलले गेले नाही तर मागची आस अडते, कार्ट वळणात अडखळते, इंजिन कण्हते आणि बाहेर पडताना गाडीत दम राहत नाही. रस्त्यावर शिकलेली हळुवार, सावध वळणे घेणाऱ्याच्या बाबतीत नेमके हेच होते. खाली उतरल्यावर तो हेल्मेट काढतो आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक ट्रॅकवर दर रविवारी ऐकू येणारे वाक्य बोलतो: 'गाडीला पिकअपच नव्हता हो!'

हा सगळा उपद्व्याप कुण्या मोटार कंपनीने सुरू केलेला नाही. १९५६ साली अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियात, आर्ट इंगल्स नावाचा कारागीर कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात नोकरीला होता. हा कारखाना इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या प्रख्यात शर्यतीसाठी गाड्या बांधायचा. दिवसभर असल्या गाड्या घडवणाऱ्या माणसाने घरी येऊन अंग टाकावे, बायकोशी चार शब्द बोलावेत. इंगल्सने लू बोरेली या मित्राला हाताशी धरले, गवत कापायच्या यंत्रासाठी बनवलेले आणि पडून राहिलेले एक टू-स्ट्रोक इंजिन मिळवले आणि ते नळ्यांच्या चौकटीवर बसवून पॅसेडिनातल्या रोझ बोल स्टेडियमच्या पार्किंगमध्ये फिरवायला सुरुवात केली. जमिनीला चिकटून बसलेला एक मोठा माणूस पार्किंगमध्ये भुर्रकन चकरा मारतोय, हे पाहून लोकांनी हसायला हवे होते. लोकांनी विचारले, 'मला कधी बनवून देतोस?'

लवकरच कार्ट विकणारी कंपनी निघाली. झाडे कापायच्या करवती बनवणाऱ्या मॅक्युलक कंपनीने १९५९ मध्ये खास कार्टसाठी इंजिन काढले. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने कार्टिंगसाठी स्वतंत्र समिती नेमली आणि १९६४ मध्ये इटलीचा ग्विदो साला पहिला जगज्जेता झाला. गवताच्या यंत्रापासून जगज्जेतेपदापर्यंत आठ वर्षे. आपल्याकडे तेवढ्या वेळात एखादा उड्डाणपूल एका बाजूने पूर्ण होतो.

आता पुन्हा मामांकडे. कार्टमध्ये बसण्यापूर्वी ट्रॅकवरचा विशीतला एक मुलगा सूचना देतो. तो रोज त्याच सूचना देतो, त्यामुळे त्याच्या आवाजात सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायाची लय आलेली असते. दोन्ही पेडल एकदम दाबू नका. हात बाहेर काढू नका. एकमेकांना ठोकू नका, ही बंपर कार नाही. गाडी बंद पडली तर उतरू नका. या सूचना कोणीही ऐकत नाही, कारण सगळे त्या वेळी फोटो काढत असतात. शेवटी मुलगा एक फॉर्म पुढे करतो. 'काही झाल्यास जबाबदारी माझी' अशा अर्थाचा मजकूर असलेल्या त्या कागदावर, गृहकर्जाच्या कागदपत्रांत स्वल्पविरामसुद्धा वाचणारे लोक, न वाचता सही ठोकतात.

मग हेल्मेट. २०१९च्या जानेवारीत पुण्यात पोलिसांनी हेल्मेटसक्ती कडक केली, तेव्हा विरोधी कृती समितीने रस्त्यावर उतरून निषेध केला होता. मान दुखते, ऐकू येत नाही, केस जातात, अशी कारणे शहराने एकमुखाने दिली होती. तोच पुणेकर ट्रॅकवर मागच्या गिऱ्हाइकाच्या घामाने ओले झालेले हेल्मेट, आत घालायच्या टोपीचे वेगळे पैसे मोजून, हसत हसत डोक्यावर चढवतो आणि ते चढवल्यावर आणखी एक फोटो काढतो. काचेआड चेहरा दिसत नाही, त्यामुळे फोटोखाली नाव लिहावे लागते.

सीटबेल्टची गोष्ट याहून गमतीची. भाड्याच्या पुष्कळ कार्टना मागे लोखंडी कमान आणि पट्टा असतो. शर्यतीच्या कार्टला मात्र पट्टा नसतोच आणि तो निष्काळजीपणाने नव्हे, विचार करून दिलेला नसतो. डोक्यावर कमान नाही, तेव्हा गाडी उलटली तर चालकाने तिच्याखाली अडकण्यापेक्षा बाहेर फेकले जाणे बरे, असा हा हिशेब आहे. आयुष्यभर पोलीस दिसला की पट्टा छातीवर नुसता आडवा धरणाऱ्यांना आपण योग्य खेळात आल्याची खात्री पटते.

एका बाबतीत मात्र थट्टा नाही. कार्टची मागची आस आणि चेन चालकाच्या पाठीमागे काही इंचांवर फिरत असतात. मोकळे केस, ओढणी, मफलर त्यात अडकून आपल्या देशात जीव गेले आहेत. ट्रॅकवरचा मुलगा केस बांधून आत खोवायला सांगत नसेल, तर तिकीट परत करून घरी जावे. भांडून पैसे परत घ्यायचे असतील तर तेही घ्यावेत.

सगळे निघाले की पहिल्या फेरीत रस्ता आणि ट्रॅक यांची गाठ पडते. मामांचा उजवा अंगठा स्टिअरिंगच्या मध्यावर हॉर्न शोधतो. उजवा हात खिडकीवर टेकायला जातो; खिडकी नसते, तापलेले काहीतरी असते. स्टिअरिंग घड्याळाच्या नऊ आणि तीन या जागी दोन्ही हातांनी धरायचे असते. कार्टच्या स्टिअरिंगला पॉवर नसते, ते थेट चाकांना जोडलेले असते, आणि एका तळव्याने ते गोल फिरवण्याची रस्त्यावरची ऐट इथे दोन वळणांत मनगटाला कळते. शिवाय बूड जमिनीपासून चार बोटांवर असते. ताशी चाळीस किलोमीटर, म्हणजे एरवी ज्या वेगाला रिक्षावालासुद्धा जांभई देतो तो वेग, तिथून शंभरसारखा वाटतो. मामांना आयुष्यात पहिल्यांदा ब्रेक आधी लावावासा वाटतो.

बावट्यांचे तर एक वेगळेच शास्त्र आहे. पिवळा दिसला की पुढे काहीतरी घडले आहे, वेग कमी करा आणि कोणाला ओलांडू नका. लाल म्हणजे थांबा. काळा म्हणजे तुम्ही मुकाट्याने पिटमध्ये या. शर्यतीत काळ्यावर नारिंगी गोल असेल तर तुमच्या गाडीचे काहीतरी निखळले आहे. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा वेगवान गाडी आली आहे, तिला वाट द्या. यांतला निळा बावटा मराठी माणसाला पचत नाही. एक्स्प्रेस-वेची उजवी लेन ताशी सत्तरने अडवून चालणाऱ्याला मागच्याने दिवे मारले तर तो आणखी सावकाश होतो. टोल त्यानेही भरलेला असतो. ट्रॅकवर मार्शल निळा बावटा हलवून हलवून दमतो, मामांच्या मागे सहा गाड्या लागतात आणि मामांना वाटते, आपण पहिले आहोत.

चौकड्यांचा बावटा दाखवला तरी मामा आणखी एक फेरी मारतात. मग तो सूचना देणारा मुलगा खिशातला रिमोट दाबतो. भाड्याच्या अनेक ट्रॅकवर ही सोय असते: एका बटणावर सगळ्या कार्ट गोगलगायीच्या वेगाला येतात. मामांच्या मते नेमका याच क्षणी गाडीचा पिकअप गेलेला असतो.

फिरून आडवे झाल्यावर काय करायचे याचाही नियम आहे. उतरायचे नाही, दोन्ही हात वर करून बसायचे, म्हणजे मागून येणाऱ्यांना लांबून दिसते. मामा हात वर करतात, पण त्यात शरणागती नसते, 'बघून चालव की!' असा भाव असतो. काही जण उतरून कार्टला धक्का मारू लागतात, तेव्हा मार्शल शिट्टी फुंकत जो धावतो तो त्या दिवसातला सर्वांत वेगवान माणूस असतो.

वेग कसा मिळतो, हे कळायला वेळ लागतो, कारण ते रस्त्याच्या अकलेच्या उलट आहे. रस्त्यावर जवळचा मार्ग तो शहाण्याचा मार्ग. वळण दिसले की आतून काढायचे. ट्रॅकवर वळणात शिरताना बाहेरच्या कडेला जायचे, मध्यावर आतल्या कडेला शिवायचे आणि निघताना पुन्हा बाहेरच्या कडेपर्यंत गाडीला मोकळी सोडायची. असे केले की वळणाची त्रिज्या मोठी होते आणि मोठ्या त्रिज्येत जास्त वेग टिकतो. ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी लावून मोकळे व्हायचे. वळणात शिरताना थोडे सबुरीने, म्हणजे निघताना पाय लवकर आणि पुरता दाबता येतो. तिथे मिळालेला वेग पुढची सगळी सरळ पट्टी साथ देतो. म्हणून लांब पट्टीच्या तोंडाशी असलेले वळण सगळ्यांत मोलाचे. थोडक्यात, आपल्या घाटांत सार्वजनिक बांधकाम खात्याने 'पुढे वळण आहे, वाहने सावकाश हाका' असे जे पिढ्यान् पिढ्या लिहून ठेवले आहे, ते शर्यतीच्या शास्त्रातले पहिले सूत्र आहे. ते कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी.

हे सूत्र सगळ्यांत आधी कळते ते लहान मुलांना. त्यांना मोडायला जुन्या सवयीच नसतात. मामांच्या कार्टला दोनदा ओलांडून गेलेली बुटकी आकृती हेल्मेट काढते तेव्हा ती सातवीतली भाची निघते. मामांकडे यावर उत्तर असते: 'ती हलकी आहे, म्हणून.'

आणि इथे मामा बरोबर आहेत. पाच ते नऊ अश्वशक्तीच्या इंजिनाला चाळीस किलो ओढणे आणि नव्वद किलो ओढणे यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. खऱ्या शर्यतीत हे इतके मानले जाते की प्रत्येक गटात कार्ट आणि चालक मिळून किमान वजन ठरवून दिलेले असते. रोटॅक्स इंजिनाच्या कार्टच्या सीनियर गटात ते साधारण १६० किलोच्या घरात असते. शर्यत संपली की चालकाला कार्टसकट काट्यावर उभे करतात आणि वजन कमी भरले तर मिळवलेला क्रमांक जातो. म्हणून किडकिडीत मुलांच्या सीटला शिशाचे तुकडे बोल्टने आवळलेले असतात. 'खा रे बाबा, अंगाला काहीतरी लागू दे' या आईच्या आयुष्यभराच्या आग्रहाला शास्त्रीय आधार देणारा हा एकमेव खेळ असावा.

गंमत पुढे आहे. 'गाडीच बरोबर नव्हती' हेसुद्धा अगदीच खोटे नसते. भाड्याच्या दहा कार्टमध्ये एकीचे टायर घासलेले, दुसरीची चेन सैल, तिसरीचे इंजिन नुकतेच उघडून बसवलेले, असा प्रकार असतोच. म्हणूनच भाड्याच्या कार्टवर गंभीरपणे स्पर्धा घेणारे लोक चिठ्ठ्या टाकून गाड्या वाटतात किंवा मधे गाड्या बदलायला लावतात. नवख्याची पंचाईत अशी की कारण खरे की निमित्त, हे कळायला एकच मार्ग आहे: पुढच्या तिकिटावर त्याच क्रमांकाच्या कार्टमध्ये कोण बसतो आणि काय करतो ते पाहणे. मामांची सात नंबरची कार्ट घेऊन सातवीतली भाची मामांपेक्षा चार सेकंदांनी कमी वेळात फेरी मारते, तेव्हा दोन सेकंद वजनाच्या खात्यावर टाकता येतात. उरलेल्या दोन सेकंदांना वारस मिळत नाही.

हे सेकंद मोजायची व्यवस्था कडेकोट असते. प्रत्येक कार्टवर एक छोटा ट्रान्सपॉन्डर बसवलेला असतो आणि अंतिम रेषेखाली जमिनीत पुरलेल्या तारेवरून तो गेला की संगणकात सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंद होते. शेवटी छापील पट्टी हातात पडते. ही पट्टी घरात दहावीच्या गुणपत्रिकेसारखी फिरते: आधी स्वतःचे पाहतात, मग शेजारच्याचे, मग 'मधल्या फेऱ्यांत कोणीतरी आडवा आला' असा खुलासा होतो. मात्र तिचा खरा उपयोग आहे. नवख्याचे पहिले काही सेकंद झटपट कमी होतात, आणि मग वेळ एका जागी येऊन गोठते. तिथून पुढे प्रत्येक दशांश सेकंद कष्टाने काढावा लागतो. निम्मे लोक इथेच 'बघितले एकदा' म्हणून पार्किंगकडे वळतात. उरलेले निम्मे दुसऱ्या तिकिटाच्या रांगेत उभे राहतात, आणि त्यांच्या घरच्यांच्या चेहऱ्यावर चिंतेची पहिली छटा येते.

दुसऱ्या दिवशी शरीर बोलते. दंडाच्या खालचा भाग असा भरून येतो की चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो. वळणावर सीटच्या कडा बरगड्यांवर आदळत राहतात. भाड्याची सीट सगळ्यांच्या मापाची असते, म्हणजे कोणाच्याच मापाची नसते. शिंक आली की कळते, बरगड्या नेमक्या कुठून कुठपर्यंत आहेत. शर्यतवाले यासाठी बरगड्यांचे चिलखत घालतात आणि सीट कमरेच्या मापाने निवडतात. शिकायचा विचार पक्का झाला की नवख्याने सगळ्यांत आधी खर्च करावा तो या चिलखतावर. चकचकीत सूट नंतर. सूटमधले फोटो आधी काढायचे असतात हे मान्य आहे, पण तरी.

'मग स्वतःची कार्टच घेऊ का?' हा प्रश्न साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरात येतो. घेऊ नये. अजिबात घेऊ नये. शर्यतीची कार्ट, इंजिन आणि सुटे टायर यांचा हिशेब काही लाखांत जातो, आणि ती गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर मुळीच नाही. शहाणा मार्ग असा: भाड्याच्या कार्टवर फेरीची वेळ सातत्याने सारखी येऊ लागेपर्यंत घासायचे, मग एखाद्या प्रशिक्षण संस्थेत किंवा संघाकडे जायचे. हे संघ दिवसाचे पैसे घेऊन कार्ट, टायर, मेकॅनिक असे सगळे तयार देतात. तुम्ही फक्त हेल्मेट घेऊन जायचे. राष्ट्रीय पातळीवर उतरायचे तर भारतीय मोटारस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचे, म्हणजे एफएमएससीआयचे, लायसन्स लागते. हे लायसन्स आरटीओबाहेरच्या टपरीवर मिळत नाही.

शर्यतीची कार्ट हा प्राणीच वेगळा. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचे १२५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन १९९७ मध्ये आले आणि आपल्याकडची राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षे त्याच्यावरच झाली. सीनियर गटात ते तीस अश्वशक्तीच्या आसपास देते, म्हणजे मामांच्या कार्टच्या निदान तिप्पट, आणि लांब पट्टीवर ताशी शंभरच्या सहज पुढे नेते. सगळ्यांना सारखे मिळावे म्हणून हे इंजिन सीलबंद असते. अधिकृत केंद्राशिवाय उघडायचे नाही. 'आपला एक ओळखीचा मिस्त्री आहे, तो जरा पोर्टिंग करून देईल' या मराठी परंपरेला इथे वाव नाही. पण कार्ब्युरेटरचे जेट, मागचे स्प्रॉकेट, टायरमधली हवा एवढे मोकळे ठेवले आहे आणि माणसाला वेड लागायला एवढे पुरते. हवा दमट झाली की जेट बदला, ऊन तापले की टायरचा दाब बदला. ज्याने घरातला गिझर कधी स्वतः चालू केला नाही असा बाप ट्रॅकवर हातात दाबमापक घेऊन आकाशाकडे पाहत असतो.

पावसात तर शिकलेले सगळे पालथे होते. कोरड्या दिवसांत जिथून सगळ्या गाड्या जातात तिथे टायरचे रबर चिकटून पकड वाढते. पाणी पडले की तेच रबर साबण होते. मग वेगाची रेषा सोडून बाहेरच्या, एरवी कोणी न जाणाऱ्या भागातून वळावे लागते. ज्या मामांनी कोरड्यात कधीच योग्य रेषा धरली नाही, ते पावसात एकाएकी शास्त्रशुद्ध चालवू लागतात.

महाराष्ट्रात या खेळाचे खरे गाव म्हणायचे तर कोल्हापूर. तिथल्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत आणि कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्री मालिकेत धावले आहेत. कुंपणाबाहेरचा प्रेक्षक इथे तज्ज्ञ असतो. इतर ठिकाणी लोक 'कम ऑन' म्हणतात. इथे हेल्मेटच्या आत ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही 'आतनं घाल की रं!' अशी थेट तांत्रिक सूचना मिळते, आणि बहुतेक वेळा ती बरोबर असते.

मुंबईच्या जेहान दारूवालाची वाटही कार्टिंगमधूनच गेली. २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभरातून मुले निवडली त्या तिघांत तो होता. पुढे फॉर्म्युला टूमध्ये त्याने चार शर्यती जिंकल्या. हे वाचून आठ वर्षांच्या मुलाचे भविष्य ठरवू पाहणाऱ्या पालकांनी मात्र थोडे थांबावे, कारण कार्टिंगमधले बाप हा जगभर स्वतंत्र विषय आहे. मिखाएल शूमाखरचे वडील गवंडी. त्यांनी पोराच्या पेडलच्या गाडीला इंजिन बसवले, पोराने ती दिव्याच्या खांबावर घातली, म्हणून त्याला कार्टिंग क्लबात नेले. पुढे वडील केर्पेनचा ट्रॅक सांभाळत आणि आई तिथले कॅन्टीन चालवी. दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या टायरवर पोरगा शर्यती जिंके. लुईस हॅमिल्टनच्या वडिलांनी एकाच वेळी अनेक नोकऱ्या करून पोराची कार्ट चालवली. आणि माक्स वेर्स्टापेन २०१२ मध्ये इटलीतल्या सार्नोच्या अंतिम शर्यतीत उतावीळपणे घुसून हातची शर्यत घालवून बसला, तेव्हा वडिलांनी घरी परतताना त्याला पेट्रोल पंपावर उतरवून ठेवले होते. पुढच्या वर्षी तो कार्टिंगचा जगज्जेता झाला. हा दाखला गणिताच्या चाचणीत कमी गुण पडलेल्या मुलांच्या बापांच्या हाती पडू नये.

जगज्जेतेपदाचेही फार मनावर घेऊ नये. आयर्टन सेना, ज्याला अनेक जण आजवरचा सर्वांत वेगवान चालक मानतात, तो कार्टिंगचा जगज्जेता कधीच झाला नाही. १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे दुसरा आला. तीनदा फॉर्म्युला वन जिंकून झाल्यावर, १९९३ मध्ये, कोणाशी लढताना सर्वांत जास्त समाधान मिळाले असे विचारले, तेव्हा त्याने फॉर्म्युला वनमधला कट्टर प्रतिस्पर्धी प्रॉस्ट याचे नाव घेतले नाही. कार्टिंगच्या दिवसांतला सहकारी टेरी फुलरटन, असे म्हणाला. तिथे पैसा नव्हता, राजकारण नव्हते, नुसती शर्यत होती, हे त्याचे कारण.

तेव्हा जाणार असाल तर जरूर जा, मात्र बूट घालून जा. चपलेवर कोणी बसू देणार नाही, आणि भाड्याने मिळणारे बूट मागच्याने नुकतेच काढलेले असतात. केस बांधा, खिशातला मोबाईल घरच्यांकडे द्या, निळा बावटा दिसला की बाजूला व्हा. आणि ट्रॅक कोल्हापूरचा असेल तर मिसळ शर्यतीनंतर खा.